संध्याकाळी सहानंतरची कार्यशाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ॲप डेव्हलपरांच्या परिषदांच्या बातम्या मी आवर्जून वाचते. वक्ते कोण होते, किती जण आले, कोणत्या घोषणा झाल्या, एवढं त्यांत असतं. आलेल्यांच्या हाती काय लागलं, ते मात्र कधी वाचायला मिळत नाही. मी गेली अकरा वर्षं अँड्रॉइडसाठी ॲप लिहिते आहे. या काळात बऱ्याच परिषदांना हजेरी लावली. निवासी कार्यशाळेला एकदाच गेले आणि तिथे चार दिवस राहिले. परवा अशाच एका निवासी कार्यशाळेचं वेळापत्रक हाती आलं. सकाळी साडेआठपासून रात्री साडेनऊपर्यंत सत्रांमागून सत्रं, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. ते पाहून हे पत्र लिहायला बसले.

मला काय म्हणायचं आहे ते माझ्याच कामातून सांगते. आमचं ॲप सर्वेक्षणाचं होतं. चाळीसेक रकान्यांचा लांबलचक फॉर्म, आणि मध्येच एक फोटो काढायचा. वापरणाऱ्यांची तक्रार एकच: फोटो काढून परत आलं की आधी भरलेलं सगळं पुसलेलं असतं. सात महिने ही तक्रार माझ्याकडे येत राहिली. माझ्या फोनवर असं एकदाही घडलं नाही, कारण माझा फोन नवा होता आणि त्यात मेमरी भरपूर होती. मी कॅमेऱ्याचा कोड दोनदा मुळापासून लिहिला, दोन्ही वेळा ‘आता होणार नाही’ असं कळवलं, आणि दोन्ही वेळा ते पुन्हा झालं. सर्वेक्षण करणाऱ्या एका ताईंचा निरोप होता, ‘हाच फॉर्म आज तिसऱ्यांदा भरते आहे.’ तो निरोप मी पुसला नाही.

मी गेले होते त्या कार्यशाळेच्या पहिल्याच दुपारी प्रशिक्षकांनी टेबलावर जुन्या फोनांचं एक खोकं ठेवलं आणि सांगितलं, यातला सगळ्यात कमकुवत फोन उचला आणि स्वतःचं ॲप त्यावर चालवा. माझ्या वाट्याला २ जीबी मेमरीचा फोन आला. फॉर्म भरला, फोटो काढला, परत आले, तर सगळे रकाने कोरे. सात महिने नुसतं ऐकत होते ते त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

कारण असं. कॅमेरा उघडला की आपलं ॲप मागे जातं. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेल्या ॲपची प्रोसेस, म्हणजे मेमरीत चालू असलेला त्याचा प्रोग्राम, बंद करून टाकते. माणूस परत येतो तेव्हा ॲप नव्याने सुरू होतं, पण तोच स्क्रीन समोर येत असल्यामुळे मध्ये काही घडलंय याचा त्याला पत्ताच नसतो. मी रकान्यांतला मजकूर व्ह्यूमॉडेलमध्ये, म्हणजे स्क्रीनवरची माहिती मेमरीत धरून ठेवणाऱ्या कोडच्या भागात, ठेवला होता. फोन आडवा केला तरी व्ह्यूमॉडेल टिकतं, म्हणून मी निर्धास्त होते. पण प्रोसेसच गेली की तेही तिच्याबरोबर जातं. हे अधिकृत माहितीत लिहिलेलं आहे आणि मी ते वाचलेलंही होतं. वाचणं आणि आपल्या ॲपमध्ये घडताना पाहणं यांत किती अंतर आहे, ते मला त्या टेबलापाशी कळलं.

सहा वाजता सत्र संपलं. एरवीच्या परिषदेत याच वेळी बॅगा भरल्या जातात आणि अर्धवट राहिलेलं अर्धवटच राहतं. इथे आम्ही सगळे तिथेच मुक्कामाला होतो. मी लॅपटॉप घेऊन खाली बैठकीच्या खोलीत जाऊन बसले. शेजारी माझ्याहून दहा वर्षांनी लहान असा एक मुलगा होता. त्याने एक युक्ती दाखवली: होमचं बटण दाबून ॲप मागे ढकलायचं, लॅपटॉपवरून फोनला हुकूम देणाऱ्या एडीबी या साधनाची एक कमांड देऊन त्याची प्रोसेस मारायची, आणि परत ॲपमध्ये यायचं. सात महिने न सापडलेला दोष मी आता दहा सेकंदांत, हवा तेव्हा समोर आणू शकत होते.

मग मी उत्साहाने सगळाच मजकूर, फोटोसकट, सेव्ह्ड स्टेटच्या बंडलमध्ये, म्हणजे प्रोसेस गेली तरी अँड्रॉइड जपून ठेवते त्या छोट्या गाठोड्यात, टाकला. आता रकाने पुसले जाण्याऐवजी ॲप मागे ढकललं की थेट कोसळायला लागलं. त्यात तासभर गेला. त्या मुलालाही उलगडा होईना. पाण्याची बाटली भरायला खाली आलेले प्रशिक्षक आमच्या मागे थांबले, लॉगमधली, म्हणजे फोनने आपोआप केलेल्या नोंदींतली, एक ओळ बोट ठेवून दाखवली आणि म्हणाले, ‘हे बंडल बाइंडरमधून जातं, आणि त्याचा बफर सबंध प्रोसेसला मिळून १ एमबीचा.’ बाइंडर म्हणजे अँड्रॉइडमधल्या प्रोसेसींची आपसातली निरोपांची वाट, आणि बफर म्हणजे त्या निरोपांसाठीची तात्पुरती जागा. माझा एकटा फोटोच त्या जागेहून मोठा होता. म्हणजे फोटो फाइलमध्ये ठेवायचा, बंडलमध्ये फक्त त्याचा पत्ता, आणि रकाना भरला जाईल तसतसा तो डेटाबेसमध्ये मसुदा म्हणून लिहून टाकायचा. साडेअकराला त्या जुन्या फोनवर प्रोसेस मारली आणि परत आले. चाळीसच्या चाळीस रकाने जागच्या जागी होते, फोटोही होता. खात्री पटेना म्हणून पाच वेळा करून पाहिलं. तोवर खोलीतले इतरही आपापलं काम सोडून माझ्या खुर्चीमागे उभे राहिले होते, आणि त्यांतल्या दोघांनी तिथल्या तिथे आपापली ॲप्स तपासली. दोन्हींत तोच दोष निघाला.

संपादक महाशय, हे कोणत्याही सत्रात बसवता आलं नसतं. अडकायला वेळ लागतो, आणि अडकलेलं माणूस जिथे आहे तिथेच जाणता माणूसही असावा लागतो. भाषणांसाठी आता कोणी प्रवास करायची गरज उरलेली नाही. ॲपलने २०२० साली आपली वार्षिक परिषद पूर्णपणे ऑनलाइन भरवली, आणि तिथली सत्रं कोणालाही फुकट पाहता येतात. माझ्या लॉगमधल्या त्या ओळीवर बोट ठेवणारा माणूस मात्र व्हिडिओतून बाहेर येत नाही.

जर्मनीत डागश्टूल नावाच्या ठिकाणी १९९० पासून संगणकशास्त्राचे अभ्यासक एकत्र राहून चर्चा करत आले आहेत. तिथे जेवणाच्या टेबलावर कोणी कोणाशेजारी बसायचं तेही चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं असतं, म्हणजे रोज शेजारी नवा माणूस. एकत्र राहण्याचा उपयोग त्यांनी इतक्या बारकाईने ओळखला आहे. आपल्या ॲपवाल्यांच्या शिबिरांत मात्र एकाच कंपनीची माणसं चार दिवस एकाच टेबलाला धरून बसलेली दिसतात.

तिसऱ्या दिवसाची सकाळही मला सांगायचीच आहे. आमच्यातच एक दृष्टिहीन डेव्हलपर होत्या. त्यांनी आम्हा प्रत्येकाला आपापल्या फोनवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, सुरू करायला लावलं, स्क्रीन काळा करायला लावला, आणि स्वतःचंच ॲप वापरून दाखवा म्हणाल्या. माझा फोन बोलू लागला: बटण, नाव नाही. बटण, नाव नाही. बटण, नाव नाही. त्या तीन बटणांवरची चित्रं मी स्वतः निवडली होती, त्यांत एक ‘फॉर्म पाठवा’ होतं आणि त्याच्याच शेजारी ‘फॉर्म काढून टाका’. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘आता तुम्हीच सांगा, मी कोणतं दाबू?’ नावं द्यायला मला चार मिनिटं लागली. इतकी वर्षं ती चार मिनिटं मी काढली नव्हती, याचं मला मनापासून वाईट वाटलं. बटण निदान ४८ डीपी (अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) लांब-रुंद असावं हा नियम मला पाठ होता. बटणाला नाव असावं हे मात्र त्या दिवशी अंगात भिनलं.

मराठीचीही एक गोष्ट तिथेच सुटली. मोठी शीर्षकं आम्ही ठरावीक अक्षरांवर कापत होतो आणि शेवटचं अक्षर मोडलेलं दिसायचं. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर वाटतं, पण कोटलिन या ॲप लिहिण्याच्या भाषेत त्याची लांबी मोजली तर ४ भरते: क, हलन्त, ष आणि वेलांटी. मध्येच कात्री लागली की पाय मोडलेला क् तेवढा उरतो. मराठीत ॲप करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तपासून पाहावं.

आता आयोजकांना थोडं कळकळीने सांगते. आमच्या कार्यशाळेचा पहिला अर्धा दिवस वाया गेला तो निव्वळ डाउनलोडमध्ये. तीस लॅपटॉप एकाच वायफायवरून कित्येक जीबींची साधनं एकदम उतरवायला लागले, तर दुसरं काय होणार? आठवडाभर आधी यादी पाठवावी, ‘सगळं बसवून एक रिकामं ॲप फोनवर चालवून या’ असं सांगावं, आणि तरीही कोणाचं राहिलं तर सगळं पेन ड्राइव्हवर तयार ठेवावं. केबलींचंही तेच. नुसतं चार्जिंग करणाऱ्या केबलीने लॅपटॉपला फोन दिसत नाही, आणि चूक कोडची की केबलीची हे शोधण्यात नवशिक्यांची उमेद जाते. डेटा जाणाऱ्या दहा-बारा केबली जवळ ठेवणं फार अवघड नाही. जुन्या फोनांचं खोकं तर हवंच हवं.

आणि वेळापत्रक कृपा करून भरू नका. दुपारनंतरचा वेळ मोकळा सोडा, प्रशिक्षकांना मुक्कामी ठेवा. सत्र घेऊन लगेच निघून जाणाऱ्या नामवंतापेक्षा रात्री पाणी भरायला खाली येणारा माणूस आम्हाला जास्त हवा आहे.

मुक्कामाची अडचण बायकांना अधिक येते, हे मी नाकारत नाही. मी त्या कार्यशाळेला गेले त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका कार्यशाळेचं बोलावणं मी नाकारलं होतं. खोली कोणाबरोबर असेल, रात्री काही लागलं तर कोणाला फोन करायचा, याचा त्या पत्रात एक शब्दही नव्हता. विचारलं तर ‘होईल व्यवस्था’ असं उत्तर आलं. अशा उत्तरावर कोणतीही बाई घर सोडून चार दिवस जाणार नाही. तारखा तीन महिने आधी कळल्या, खोलीची व्यवस्था आणि जबाबदार व्यक्तीचं नाव पत्रातच असलं, लहान मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस बरोबर आणता आलं, तर आज न येणाऱ्या कितीतरी जणी येतील.

कंपन्यांनीही हे दिवस कामाचेच धरावेत. मी तेव्हा जिथे नोकरीला होते तिथे हे चार दिवस माझ्या रजेतून कापले गेले. सात महिन्यांची तक्रार त्या चार दिवसांत मिटली, हे मी परतल्यावर लेखी दिलं होतं. रजा परत मिळाली नाही. सुधारलेलं ॲप मात्र पुढच्याच आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर गेलं, आणि त्या ताईंना मी स्वतः फोन करून सांगितलं की आता फॉर्म एकदाच भरावा लागेल.

आपल्याकडेही एक विनंती. अशा कार्यशाळेला बातमीदार पाठवाल तेव्हा त्यांना उद्घाटनाला नाही गेलात तरी चालेल, असं सांगा. संध्याकाळी सहानंतर तिथे थांबा, आणि जो लॅपटॉप उघडून एकटा बसलेला दिसेल त्याला विचारा, कुठे अडकला आहेस?

आपली,
एक ॲप डेव्हलपर