विषय: ‘नवीन, ओरिजिनल’ म्हणून विकलेल्या सदोष ५१०१ मेमरी आयसींबद्दल तक्रार

व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग यांस,

“फॉल्ट तुमच्या बोर्डातच आहे, आयसी परत घेता येणार नाहीत,” असं सांगून तुमच्या प्रतिनिधीने आज फोन ठेवला. म्हणून आता लेखी कळवतो. फॉल्ट बोर्डात नाही, तुम्ही पाठवलेल्या आयसींमध्ये आहे.

बोर्ड बॅली कंपनीच्या १९८० सालच्या ‘झेनॉन’ पिनबॉल मशीनचा आहे, एएस-२५१८-३५ एमपीयू, म्हणजे मशीन चालवणारा मुख्य बोर्ड. चालू होताच तो स्वतःची तपासणी करतो आणि निकाल एका एलईडीवर दाखवतो. आधी नुसती फडफड, मग सात ब्लिंक. पहिला ब्लिंक रॉमचा (प्रोग्राम साठवणाऱ्या आयसींचा), दुसरा बोर्डावरच्या यू७ या जागेवरच्या ६८१० रॅमचा, तिसरा यू८ वरच्या ५१०१ चा, त्यापुढचे दोन पीआयएंचे (बोर्डाला बाकी मशीनशी जोडणाऱ्या आयसींचे), सहावा डिस्प्ले इंटरप्टचा (डिस्प्लेला ठरावीक वेळाने मिळणाऱ्या सिग्नलचा) आणि सातवा सोलेनॉइडच्या, म्हणजे चेंडू उडवणाऱ्या कॉइलच्या, ४३ व्होल्टचा. या बोर्डावर दोन ब्लिंक होऊन सगळं थांबत होतं. म्हणजे अडतं ते यू८ वर.

यू८ वर अडलं म्हणून लगेच आयसीला दोष दिलेला नाही. या बोर्डांवरची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी गळते आणि तिचा क्षार ट्रॅक नि सॉकेट खातो, हे जुनं दुखणं आहे. बॅटरी काढली, जागा पाणी घातलेल्या व्हिनेगरने धुतली, मग साध्या पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू दिली. जुन्या ५१०१ चे पाय कापून एकेक पाय वेगळा काढला. अख्खी आयसी उपटायला गेलं की दोन्ही बाजू जोडणारी भोकातली नळी सोल्डरबरोबर निघून येते, आणि मग बोर्ड खरंच बिघडतो. तिथे गोल पिनांचं नवं २२ पिनी सॉकेट बसवलं आणि बाविसाच्या बावीस जोडण्या मीटरवर वाजवून पाहिल्या. पिन २२ वर सप्लाय, पिन ८ वर ग्राउंड, दोन्ही ठीक.

त्या सॉकेटमध्ये तुमची ५१०१: दोन ब्लिंक, पुढे काही नाही. पाकिटातल्या बाकीच्याही तशाच. त्याच सॉकेटमध्ये दुसऱ्या चालू बोर्डातली ५१०१: बोर्ड मशीनबाहेर टेबलावर असताना सहा ब्लिंक, मशीनमध्ये लावल्यावर सात. उलट, तुमची आयसी त्या चालू बोर्डात घातली की तोही दोन ब्लिंकवर थांबतो. यानंतर बोर्डाला दोष देण्याचं धाडस कुणी करू नये.

आता आजचा फोन. टेबलावर सहाच ब्लिंक येतात एवढं ऐकून तुमचा माणूस म्हणाला, “मग सातवा कुठे गेला सर? बघा, बोर्डच खराब आहे.” सातवा ब्लिंक मशीनच्या ४३ व्होल्टशिवाय येत नाही, टेबलावर बोर्डाला ५ आणि १२ व्होल्ट एवढेच दिलेले असतात. हे सांगितल्यावर उत्तर आलं, “आमच्या सिस्टीममध्ये असं काही दिसत नाही.” मग उपाय सुचवला: “५१०१ चालत नसेल तर २११४ घ्या, तीही रॅमच आहे, स्वस्त पडेल.” २११४ ला १८ पाय असतात, ५१०१ ला २२. ५१०१ मध्ये डेटा आत जायच्या आणि बाहेर यायच्या पिना वेगळ्या, २११४ मध्ये त्याच. ५१०१ मशीन बंद असताना बॅटरीवर हायस्कोअर सांभाळते, २११४ ला ते जमत नाही. मेमरी आयसी विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने हा सल्ला द्यावा? आणि वर, “एवढ्या जुन्या गेमवर कशाला वेळ घालवता सर, मुलांना काहीतरी नवीन घेऊन द्या.” दुरुस्ती करावी की नाही हे विचारायला फोन केला नव्हता. पैसे मोजून घेतलेला माल का चालत नाही, हे विचारायला केला होता.

माल कसा आहे तेही ऐका. कापसावर ॲसिटोन घेऊन आयसीच्या पाठीवर फिरवलं की काळा थर आणि त्यावरचा छापील नंबर, दोन्ही कापसावर येतात. खाली घासलेली पाठ दिसते. पिन १ चा खळगा थराने अर्धा भरलेला. पायांवर नवं टिन चढवलंय, पण खांद्याशी जुनं सोल्डर तसंच आहे. वर सगळ्यांवर एकच तारीख, आणि पोटावरचे साच्याचे ठसे मात्र वेगवेगळे. बोर्डांवरून उपटलेल्या, रंगवून पुन्हा छापलेल्या आयसी ‘नवीन, ओरिजिनल’ म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. ५१०१ आता बनत नाही हे माहीत आहे. जुना, वापरलेला माल विका, पण तसं लिहून आणि तपासून विका.

त्याच ऑर्डरमधल्या ६८१० उत्तम आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. म्हणूनच तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. चांगला माल ओळखणारं कुणीतरी तुमच्याकडे नक्की आहे. हे पत्र त्यांच्या हाती द्या.

सात दिवसांत सगळ्या ५१०१ चे पैसे कुरिअर खर्चासह परत हवेत. बदली द्यायची असेल तर प्रत्येक आयसीच्या २५६ जागा लिहून-वाचून तपासलेल्या हव्यात, किंवा त्याच २२ पिनांत बसणारं, वीज नसतानाही डेटा राखणारं, बॅटरी न लागणारं एफरॅम मॉड्यूल चालेल. २११४ पाठवू नका. “बोर्डातच फॉल्ट आहे” हे वाक्य पुन्हा ऐकून घेतलं जाणार नाही. मुदतीत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज जाईल. ॲसिटोनने पुसलेल्या आयसी आणि तो कापूस पुरावा म्हणून जपून ठेवला आहे.

आपला ग्राहक
सोबत: बिलाची प्रत, आयसींचे दोन्ही बाजूंचे फोटो, दोन्ही बोर्डांवरच्या चाचणीचा व्हिडिओ