माव्यातली माशी

बार्शी,
१८ जानेवारी

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र परवा मिळालं. करडई कशी आहे विचारलंस, म्हणून निवांत लिहायला बसलोय. पीक कमरेला लागलंय, खालच्या तुकड्यात पिवळी फुलं दिसू लागलीत. मध्यंतरी चार दिवस आभाळ आलं आणि दरवर्षीसारखा बांधाकडून मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक काळी कीड, चढला. कडेच्या झाडांचे शेंडे काळेकुट्ट झालेत, पानं चिकट्यानं चकाकतायत. तरी मी अजून फवारणी केलेली नाही, ती एका माशीमुळे.

आठवतं का, मळ्यात हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची बारकी मधमाशी दिसली की आपण टॉवेल फिरवत पळायचो? ती मधमाशी नव्हतीच रे. तिला नांगीच नसते, पट्ट्यांचं सोंग फक्त पाखरांना भिववायला. मधमाशीला चार पंख, हिला दोनच. मागच्या पंखांच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक गाठी. कृषी खात्याची माणसं सिरफिड माशी म्हणतात. आपल्या रानातल्या जातीचं शास्त्रीय नाव इस्किओडॉन स्क्युटेलारिस. १८०५ साली फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञानं तिची पहिली नोंद केली.

काल सकाळी एक माझ्या मनगटावर बसून घाम चाटत होती. मी श्वास रोखून भिंग धरलं. लांबी सेंटिमीटरभरसुद्धा नाही. तोंड पिवळं, पाठ काळपट आणि तिच्या दोन्ही कडांनी हळदीची रेघ ओढल्यासारखी पिवळी पट्टी. पोटावर आधी दोन सुटे ठिपके, मग आडवे पट्टे. डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले, म्हणजे नर. मादीच्या डोळ्यांत फट असते. नराच्या मागच्या पायाच्या मुळाशी एक बारीक काटा असतो, तोही दिसला. मला खरं वेड लावलं ते पंखानं. त्यात एक शीर अशी आहे, की ती मधेच सुरू होते आणि कुठेही न मिळता मधेच विरते.

पण पिकाचं काम करते ती हिची अळी. मादी नेमकी माव्याच्या गर्दीत तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी एकेक करून घालते. अळी हिरवट, बिनपायाची, डोळेही नाहीत. पुढचं टोक इकडेतिकडे हलवत चाचपडते, मावा लागला की त्याला पकडून पानावरून वर उचलते आणि आतला रस शोषून रिकामं साल टाकून देते. मी अर्धा तास एकाच पानाजवळ उकिडवा बसलो होतो, पाय बधिर झाले तरी उठवेना.

गेल्या वर्षी हीच अळी बघून मी घाबरलो होतो. औषधाच्या दुकानात सांगितलं, "अळी पडलीय, मारा." मी पंप पाठीवर घेतला. मावा पंधरवड्यात परत आला, अळ्या मात्र आल्या नाहीत. ते अजून मनाला लागतं.

ही माशी भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आहे, पण तिला उघडं, उन्हाचं रान लागतं. मोठ्या माशीचं पोट मध आणि परागावर. तोंड आखूड, म्हणून उथळ फुलं हवीत. बांधाला कोथिंबीर फुलायला सोडलीय, तिथे दहाच्या उन्हात या माश्या अशा तरंगत असतात की वाकून बघावंसं वाटतं.

दोन कोष पानासकट बरणीत ठेवले होते, पाण्याच्या थेंबासारखे. एकातून माशी निघाली. दुसऱ्यातून निघाली एक सडपातळ गांधीलमाशीसारखी परजीवी, अळीला आतून खाऊन मोठी झालेली. वाईट वाटलं, पण तिचंही रान तेच.

फुलं अजून पंधरा दिवस टिकतील. त्याआधी ये, आणि तुझं ते मोठं भिंग आठवणीनं आण. आई हुरड्याचं विचारतेय. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
दत्ता