मिलिंदला पत्र : काउलिंगची भोकं कापू नकोस

सोलापूर,
मे महिना

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. तू सांगितलंस म्हणून रविवारी तुमच्या वस्तीवर जाऊन शेडमधलं, तू स्वतः बांधत असलेलं विमान निवांत बघून आलो. काकूंची तब्येत बरी आहे. निघताना त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिलीच.

इंजिन तापतंय म्हणून काउलिंगची, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाची, हवा आत घेणारी पुढची भोकं मोठी करायचं तू ठरवलंयस. कापू नकोस. आधी हे वाच.

तू बसवलेलं बीटल गाडीचं हे इंजिन मुळात हवेनंच थंड व्हायचं, पण गाडीत त्याला स्वतःचा पंखा होता. विमानात तो काढला की सगळी भिस्त प्रॉपेलरवर आणि विमानाच्या वेगावर. ताशी 100 किलोमीटरनं चढताना समोरून येणारी हवा पूर्ण अडवली, तरी तिचा दाब जेमतेम 4 सेंटिमीटर पाण्याएवढा भरतो. त्यात आपलं ऊन. 42 अंशांना सोलापूरची हवा समुद्रसपाटीवरच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 13 टक्के विरळ असते. शिवाय सिलिंडर हेड (सिलिंडरचं तोंड झाकणारा भाग) 200 अंशांच्या आत ठेवायचं तर त्या 15 अंशांच्या हवेत 185 अंशांचा फरक हाताशी असतो, आपल्याकडे 158 चा. हवाही कमी आणि ती उष्णताही कमी ओढणार. एवढ्याशा दाबातली हवा गळू देणं आपल्याला परवडणारं नाही.

आणि तुझ्याकडे ती गळतेय. अंधार पडल्यावर मी काउलिंगच्या आत, इंजिनच्या वरच्या बाजूला बल्ब लावला आणि खालून बघितलं. जिथे बॅफलचा, म्हणजे हवा सिलिंडरकडे वळवणारा, पत्रा काउलिंगला टेकायला हवा, तिथे उजेडाची लांब रेघ दिसली. उजव्या बाजूच्या मागच्या सिलिंडरपाशी तर माझी करंगळी आरपार गेली. हवा सोपी वाट धरते. अशी फट मिळाली की फिन्समधून, म्हणजे सिलिंडरवरच्या उष्णता सोडणाऱ्या पातळ पात्यांमधून, कशाला जाईल? पुढचं भोक मोठं केलंस तर त्याच फटीतून आणखी हवा निघून जाईल आणि विमानाला ओढ मात्र वाढेल.

पत्र्याच्या कडेला सिलिकॉन रबराची पट्टी लाव. पट्टीची कड दाबाच्या बाजूला वळलेली हवी, म्हणजे हवाच तिला काउलिंगवर दाबून धरते. बारीक भेगांत तापमान सोसणारं सिलिकॉन भर. सिलिंडरच्या खालच्या अंगालाही पत्रा लपेटून घे, नाहीतर हवा वरच्या फिन्सना शिवून सुटते आणि खालची बाजू भाजतच राहते. मग बाहेर पडायच्या वाटेकडे बघ. तापलेली हवा फुगते, म्हणून ती वाट आत येणाऱ्या वाटेपेक्षा मोठी लागते. तुझी उलट आहे. कापायचंच असेल तर खाली काप, आणि तिथल्या पुढच्या कडेला छोटा ओठ दे, म्हणजे बाहेरचा प्रवाह आतली हवा ओढून घेईल.

हे जमलं की प्लास्टिकच्या नळीत रंगीत पाणी भरून एक टोक इंजिनच्या वर आणि एक खाली ठेव. दोन्हीकडच्या पातळीतला फरक तुला खरं काय ते सांगेल. चढतानाही नाक थोडं खाली ठेवायचं, म्हणजे वेग जास्त राहतो. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो.

दुसरी गोष्ट मात्र मनाला लागली. शेपटीच्या ब्रॅकेटला खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचा अँगल लावलायस. तो माल बहुधा 6063 जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचा असतो. दिसायला जास्त मजबूत अशा 6061-टी6 सारखाच, पण टी5 प्रतीचा असेल तर निम्म्या ताणालाच कायमचा वाकतो. शेपटी म्हणजे जीव आहे, मिलिंद. तो अँगल काढ, आणि ज्याच्यासोबत धातू बनवणाऱ्या मिलचं सर्टिफिकेट येतं तोच माल घे. पैसे कमी पडत असतील तर मला सांग, संकोच करू नकोस.

फायबरच्या पंखांना गडद निळा रंग द्यायचं म्हणतोस, तेही नको. गडद पृष्ठभाग उन्हात 80 अंशांच्या आसपास सहज जातो, आणि फायबर धरून ठेवणारी, खोलीच्या तापमानाला सेट केलेली बरीच इपॉक्सी रेझिन्स त्याआधीच मऊ पडू लागतात. पांढराच दे. निळी पट्टी हवी तर शेपटीवर मार.

परवानगीच्या कागदांना कंटाळलायस, ते कळतं. अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान 2016 मध्ये मुंबईत सगळ्यांनी पाहिलं, तरी नोंदणी व्हायला 2017 उजाडलं. कागद होईपर्यंत इंजिन जमिनीवरच चालव आणि चारही हेडचं तापमान वेगवेगळं लिहून ठेव. एकच हेड तापत असेल तर फट त्याच्याच जवळ शोध.

रबराची पट्टी मी इथून घेऊन ठेवतो. बॅफलच्या कडेची लांबी मोजून कळव, आणि येशील तेव्हा दोन दिवस काढून ये.

तुझा,
शिरीष