अर्ज न करणाऱ्या आईचं काय? सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना स.न.वि.वि.

साहेब, मी विट्याच्या आसपासच्या गावांत म्हाताऱ्या माणसांसाठी काम करते. इथली पोरं गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळायला पार परराज्यात पांगलेली. त्या पैशातून गावात बंगले उठलेत आणि त्यांची राखण करायला आईबाप.

अशाच एका बंगल्यात आक्कांचं अंथरूण जिन्याखाली. वरच्या खोल्यांना कुलपं. शुगरच्या गोळ्या संपून दहा दिवस झालेले. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणासाठीच्या 2007 च्या कायद्याखाली प्रांतांकडे द्यायचा पोटगीचा अर्ज मी भरूनच नेला होता, फक्त अंगठा बाकी. आक्कांनी शाईचा पॅड माझ्याकडं परत सरकवला. "बाई, नातीचं जमवायला घेतलंय. पोराला कोर्टात खेचलं म्हणून गावभर झालं, तर तिला कोण करून घेईल?" आणि चहा टाकायला उठल्या.

दरमहा 10,000 रुपयांपर्यंत पोटगी, 90 दिवसांत निकाल. कायद्यात तसं कमी काही नाही. पण आमच्याकडं आईनं पोरावर अर्ज करायचा म्हणजे आपल्याच कुशीला नाव ठेवायचं. सरकारनंही पेन्शनला 'श्रावणबाळ' नाव दिलं. महिन्याचे 1,500 रुपये देणार सरकार, पुण्य मात्र पोराच्या कावडीत. (तिखट झालं, पण राहू दे.)

आम्ही कार्यकर्ते तरी कुठं वेगळे? भेटीला गेलो की आधी सुनेला विचारतो, "जेवतात का नीट?" म्हातारी शेजारीच बसलेली असते. मग तिच्याकडं वळलो की ती म्हणते, "माझं काय, पिकलं पान." आम्ही फॉर्मवर 'तक्रार नाही' लिहून मोकळे.

म्हणून मागणी एकच. याच कायद्याच्या कलम 5 प्रमाणे न्यायाधिकरणाला, म्हणजे प्रांतांना, अर्जाशिवाय, स्वतःहून दखल घेता येते. आमच्या भेटीच्या नोंदींवरून ती घ्यावी, अशी सूचना काढा. ती नोंद म्हाताऱ्या माणसाशी एकट्यानं बोलूनच करायची, हेही त्यात येऊ द्या. अर्जदार म्हणून आईचं नाव नसलं, की तिला चारचौघांत पोराची बाजू घ्यायला मोकळीक राहते. आणि सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडं देण्याची सोय कायद्यात आहेच. त्यांनी पहिली बैठक घरीच लावावी, पोरगा गावात असताना.

आक्कांचा अर्ज अजून माझ्या पिशवीत आहे. त्यांच्या गावची यात्रा चैत्रात. पोरगा तेव्हा चार दिवस येतो.

आपली,
एक कार्यकर्ती, जि. सांगली