तुझ्या फाइलवरचा तो एक

बोरिवली, रविवार दुपार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार वगैरे. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. आपण फोनवर बोलतो ते वाढदिवसाला, नाहीतर कुणी गेलं की. ही गोष्ट फोनवर सांगायला मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा नागपूरच्या उन्हावर नि वहिनींच्या गुडघ्यावर घसरलो. कागदावर तुला मधे बोलता येत नाही, म्हणून कागद.

झालं असं की मुग्धाला दिवाळीत निन्टेन्डो स्विच, व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, घेऊन दिला. आणि गेम कुठला घेतला असेन? आपलाच. ‘लिंक्स अवेकनिंग’. 2019 साली त्यांनी तो पुन्हा नव्याने काढला. झाडं, घरं, माणसं सगळी खेळण्यातल्यासारखी गुळगुळीत, गौरीपुढे मांडलेल्या खेळण्यांसारखी. आपल्याकडे त्याचीच 1998 ची रंगीत आवृत्ती होती, डीएक्स, गेम बॉयवरची. मूळ तर 1993 चा, करडा-हिरवा. तो म्हणे कंपनीतल्या लोकांनी ऑफिस सुटल्यावर हौसेखातर खेळत-खेळत बनवायला घेतला होता. त्यामुळेच त्यात कसलाही नेम नाही. बकरी दुसऱ्याच बाईचा फोटो पाठवून पत्रमैत्री करते, मगर डबे जमवते, कोंबडी मारलीस तर सगळ्या कोंबड्या मिळून तुझा जीव घेतात.

पहिले आठ दिवस मी लांबूनच बघत होतो. ‘बघू तरी’ म्हणत हातात घेतला तो दुसऱ्या आठवड्यात, ती बाटलीतल्या जिनीपाशी अडली तेव्हा. आठवतोय ना? दुसरी गुहा. तो बाटलीत असताना तलवार मारायची, मग बाटली उचलून भिंतीवर आपटायची, असं तीनदा. ही नुसती तलवारच मारत बसली होती. मी ‘उचल, उचल’ म्हणून ओरडलो तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की मला तुझी आठवण झाली. तूही अगदी असाच बघायचास. आयतं सांगितलेलं तुला कधी आवडलं नाही.

पण तुझं कौतुक मला अजून आहे, ते मोल्डॉर्मसाठी. पहिलाच बॉस, म्हणजे गुहेच्या शेवटी असतो तो राक्षस, सगळे त्याला सोपा म्हणतात. अळीच ती, फक्त शेपटीवर मार लागतो. पण तिने धक्का दिला की आपण कठड्यावरून खालच्या मजल्यावर, आणि परत वर यावं तर ती ताजीतवानी. मी अकरा वेळा पडलो होतो. तू काय केलंस, तर जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून पाच मिनिटं तिला मारलंच नाहीस. नुसता तिच्या मागेमागे फिरत राहिलास. पेन्सिल सेल संपत आले होते, लाल दिवा मंदावला होता, आणि मी शिव्या घालत होतो. मग चार-पाच वारांत संपवलीस. नंतर म्हणालास, “तिला वळायला किती वेळ लागतो ते बघत होतो.” आठवीत होतो रे आपण.

त्या स्क्रीनला स्वतःचा उजेड नव्हता हे मुग्धाला खरंच वाटत नाही. चाळीच्या गॅलरीतल्या ट्यूबलाइटखाली गेम बॉय तिरका धरून, मान वाकडी करून आपण सहाव्या गुहेतला फसाड मारला, हे तिला सांगितलं तर म्हणते, “पण दिसायचं कसं?” दिसायचं नाहीच. फसाड म्हणजे जमिनीतला चेहरा, त्यात फरशा उडून अंगावर येणार, मग मडकी येणार, मग जमिनीला भोकं पडणार, आणि तो मरणार फक्त बॉम्बने. तोच बॉम्ब आपल्यालाही लागतो. आपण निम्मा वेळ आपल्याच बॉम्बने मेलो. म्हणजे मी मेलो. तू नाही.

इथेच मुद्दा येतो. तू एकदाही मेला नव्हतास.

लॅमिंग्टन रोडच्या त्या दुकानदाराने कुठल्याशा मासिकाचं फाटकं पान दाखवलं होतं आपल्याला, आठवतं? एकदाही न मरता गेम संपवला तर शेवटी मॅरिन, बेटावरची ती गाणारी मुलगी, दिसते, आकाशात. नाहीतर नाही. तेव्हापासून तुझं सगळं बदललं. आधी आपलं ‘पूर्ण’ म्हणजे 26 शिंपले, 12 हृदयाचे तुकडे, झालं. त्यातही 20 शिंपल्यांनाच मोठी तलवार मिळून जाते आणि उरलेले सहा नुसते हट्टाचे. पण ते पान बघितल्यावर तू म्हणालास, पूर्ण म्हणजे शून्य. फाइल निवडायच्या पडद्यावर नावाखाली तो आकडा असायचा ना, किती वेळा मेलात त्याचा. सुहास, 000. पाच अक्षरांचीच जागा असायची, तुझं नाव इंग्रजीत बरोब्बर पाच अक्षरी, त्याचाही तुला माज होता. माझं मकरंद मावेना म्हणून मी ‘मक्या’ झालो होतो आणि माझा आकडा साठीच्या पुढे गेला होता. तिसरी फाइल आपण ‘झेल्डा’ नावाने केली होती, त्या नावाने वेगळी धून वाजते म्हणून. ती फाइल आपण कधी खेळलोच नाही, नुसती धून ऐकायचो.

तू गेममधल्या त्या औषधवालीकडून, क्रेझी ट्रेसीकडून, औषध घेतल्याशिवाय गुहेत पाऊल टाकायचा नाहीस. कधी 28 रुपी (गेममधले पैसे), कधी 42, आणि तू ‘महाग झालं’ म्हणून कुरकुरायचास, जणू भाजी आणतोय. ते औषध मरताना वाचवतं आणि आकडा वाढू देत नाही. मी म्हणायचो ही पळवाट आहे. तू म्हणायचास गेमनेच दिलंय. यावर आपण चर्नी रोडच्या पुलावर उभे राहून भांडलोय. मी तर त्यापुढे जाऊन म्हटलं होतं, मरतोय असं वाटलं की झटकन बंद करायचा, आकडा वाढतच नाही. तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास.

आता सांगतो.

2001 ची मे महिन्याची सुट्टी. तू मावशीच्या लग्नाला पुण्याला गेलास, दोन दिवस. काकूंनी गेम न्यायला मनाई केली म्हणून तो घरीच राहिला आणि तुमच्याकडे तेव्हा पेणचा बंड्या राहायला आलेला होता. मी दुपारी ‘बंड्या, बघू जरा’ म्हणून गॅलरीत घेऊन बसलो. बंड्या आत झोपला होता. आधी माझीच फाइल उघडली, देवाशपथ. पण मी फसाडपाशी अडलेला, आणि तुझ्याकडे सहा वाद्यं झालेली, गुहेमागे एक मिळतं ती, सातशे आणि काही रुपी जमलेले. धनुष्याला 980 लागतात. तू गवत कापून-कापून जमवत होतास. मला वाटलं, आपण जमवून देऊ उरलेले, आल्यावर खूश होईल. तासभर गवत कापलं. चाळीसेक रुपी झाले असतील. कंटाळा आला.

मग दुकानात गेलो. धनुष्य उचललं आणि दुकानदाराभोवती फिरत राहिलो. तो आपल्याकडे तोंड करून वळतो, पण जरा सावकाश वळतो. मला तुझी ती अळी आठवली. त्याला वळायला किती वेळ लागतो ते मी बघितलं, आणि त्याची पाठ झाली तसा दारातून बाहेर.

बाहेर तो फोटो काढणारा उंदीर उभा होता. क्लिक. आणि गेमने विचारलं, फुकटात मिळवलंस, वाटतोय का अभिमान?

सुहास, मला दरदरून घाम फुटला. आणि त्या घाबरण्यात मी जे केलं ते आजही कुणाला पटत नाही. मला वाटलं, परत आत जाऊन पैसे दिले तर मिटेल. सातशे तर होतेच, बाकीचे तो सोडेल. वाण्याकडे उधारी नाही का चालत? म्हणून मी परत आत गेलो. दुकानदार म्हणाला, आता जिवाने किंमत मोज, आणि हातातून वीज सोडून मला जाळून टाकलं. सगळी हृदयं एका झटक्यात. तुझं औषधही तेव्हा नव्हतं, शेवटचं आदल्या गुहेत संपलं होतं. पडद्यावर काय-काय पर्याय आले ते न वाचता अंगठ्याखाली आलं ते बटन दाबलं आणि सेव्ह झालं. सुहास, 001.

तो दुकानदाराने केलेला खून आहे, बॉसने नाही, हे मी तेव्हापासून मनात घोकतोय. पण आकडा कुठे विचारतो कुणी मारलं ते.

गेम जागेवर ठेवला, खाली गेलो आणि दोन दिवस तुमच्या मजल्यावर आलो नाही. पुढचं तुला माहीतच आहे. तू आलास, गेम लावलास आणि गावातला जो तो तुला ‘चोर’ म्हणायला लागला. इंग्रजीत तेही पाचच अक्षरी, चपखल बसतं. मॅरिनसुद्धा चोर म्हणाली. तू बंड्याला गॅलरीत नेऊन मारलंस. तो रडत म्हणत होता, “मी झोपलो होतो,” आणि काकूंनी त्याला परत पेणला पाठवलं, ऐन आंब्यांच्या दिवसांत. मी खालच्या नळापाशी बादली भरत होतो. सगळं ऐकू येत होतं.

एक गोष्ट माझ्या बाजूची. डीएक्समध्ये ते जे 12 फोटो असतात, त्यातला एक चोरीचा आहे. अल्बम भरायचा असेल तर चोरी करावीच लागते, मग नाव जातं ते जातंच. तुझा अल्बम पुरा झाला, यातला एक फोटो माझ्यामुळे. हे मी बचाव म्हणून लिहितोय हे तुला कळेलच, पण खरं आहे. तू त्या फोटोकडे बघून म्हणाला होतास, “बंड्याच्या हातून एवढं नीट फिरणं व्हायचं नाही.” तेव्हा मला वाटलं, कळलं तुला. कळलं होतं का? हे मला विचारायचंय, म्हणजे खरं तर एवढंच विचारायचंय.

तरी तू खेळलास. सातव्या मनोऱ्यात तो लोखंडी गोळा उचलून चार खांब पाडायचे, ते तू वहीत नकाशा काढून केलंस. वरच्या गरुडाने पंख फडफडवून ढकलायला सुरुवात केली की तू ढाल धरून असा चिकटून राहायचास जसा दादरला विरार फास्टच्या दारात माणूस. शेवटच्या सावल्यांमध्ये त्या एकडोळ्याला तू बाणांनी मारलंस, मी बूमरँग घे म्हणत होतो, एका फटक्यात मरतो म्हणून. तू म्हणालास, चोरीचं धनुष्य आहे, वापरून तरी घेऊ. मी हसलो. घशात काहीतरी अडकलं होतं.

अंडं फुटलं, बेट गेलं, लिंक, म्हणजे गेममधले आपण, फळकुटाला धरून समुद्रात. वर देवमासा. नंतर आकाश रिकामं. तू बराच वेळ बघत बसलास, कुणी येतंय का म्हणून.

मागच्या महिन्यात मुग्धाने ते केलं. आधी हीरो मोडमध्ये करणार होती, तिथे मार दुप्पट आणि हृदयं सापडतच नाहीत, पण मी म्हटलं सावकाश. यात शिंपले 50 आहेत, हृदयाचे तुकडे 32. चाळिसाव्या शिंपल्याला तलवार, पण ही पन्नासच्या पन्नास करूनच थांबली. बाटल्यांत पऱ्या भरून, तुझ्यासारखी. एके दिवशी मला विचारते, “बाबा, दुकानातून पैसे न देता बाहेर पडता येतं?” मी इतक्या जोरात ‘नाही’ म्हटलं की हिने स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं.

तिला मॅरिन दिसली. मी तिच्या मागे उभा होतो. काय दिसलं ते मी लिहीत नाही, तू अजून बघितलेलं नाहीस.

आपलं कार्ट्रिज आईच्या कपाटात सापडलं, लॉटरीच्या तिकिटांच्या डब्यात. गिरगावची खोली रिकामी करताना ती इकडे घेऊन आली होती. (गिरगावात आता जमिनीखालून मेट्रो जाते. तू आलास की दाखवतो, स्टेशनातून वर आलं की आधी दोन मिनिटं कुठे आलो कळत नाही.) ते घेऊन मी पुन्हा लॅमिंग्टन रोडला गेलो. एका पोराने उघडून दाखवलं, आत बटन सेल असतो, त्याच्यावर सगळ्या फायली जिवंत असतात, तो कधीच मेला होता. तिन्ही जागा कोऱ्या. म्हणजे पुरावा आता नाही. तो गेला म्हणून कबूल करतोय असं समजू नकोस. पत्राचे पहिले दोन कागद मी त्याआधीच लिहिले होते, हिला विचार.

पोराने नवा सेल डकवून दिलाय. गेम बॉयही चालतो, फक्त ‘बी’ बटन जरा रुततं. दुसऱ्या फाइलवर मी मक्या लिहिलंय आणि मोल्डॉर्मपाशी तीनदा मेलोय. पहिली रिकामी आहे.

बंड्याचा नंबर तुझ्याकडे असेल तर पाठव. त्यालाही फोन करायचाय. आंबे संपायच्या आत.

तुझा,
मक्या

ता. क. औषधाला मी आता पळवाट म्हणत नाही.