आजींचं चित्र झालं ते तुमच्यामुळे, मावशी

ती. मावशींना,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण परवा तुमच्या वृद्धाश्रमात चित्रं बघायला आलेल्यांनी शाबासकी मला एकटीला दिली. तेव्हा आजींना रोज सांभाळणाऱ्या तुम्ही मागे चहाचे कप गोळा करत होतात.

व्यक्तिचित्र मी पुण्यात टिळक रस्त्यावर, अभिनव कला महाविद्यालयात शिकले. तिथे मॉडेल एकदा बसलं की उठा म्हणेपर्यंत हलत नाही. अल्झायमर झालेल्या माणसाला असं बसवता येत नाही. "जरा इकडे बघा" म्हणावं, तर आजी तोवर कुठल्या कुठे गेलेल्या असायच्या. तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत: मागून यायचं नाही, दचकतात. समोरून यायचं, नाव सांगायचं, मग बाजूला बसायचं. 'ओळखलंत का?' असं विचारायचं नाही, बिचाऱ्यांची परीक्षा घेतल्यासारखं होतं. आणि चार वाजले की सामान आवरायचं, कारण दिवस कलला की 'घरी जायचंय'ची घालमेल सुरू होते. तैलरंग बंद, टर्पेंटाइनने शेजारच्या आजोबांना खोकला येतो, हाही तुमचाच हुकूम. मग कोळसा नि जलरंगांवर भागवलं. लेकीची सही कागदावर होती, तरी तुम्ही दर वेळी आजींना विचारायचात, "चित्रवाल्या बाई आल्यात, बसायचं का?" नाही म्हणाल्या की मी परत सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये.

पण आभार मानायचेत ते हातांसाठी. लेकीने आजी शाळेतून निवृत्त झाल्या त्या समारंभातला फोटो दिला होता, अशीच काढा म्हणून. तिला आई तशीच हवी होती, यात नवल काय? तुम्ही कागदाकडे बघून म्हणालात, "नाकडोळे बरोबर आहेत हो, पण आमच्या आजी अशा रिकाम्या हाताने बसत नाहीत." आणि समोर एक नॅपकिन ठेवलात. आजींनी कडा जुळवल्या, घडी घातली, तळव्याने दाबली, उलगडली, पुन्हा घातली. आत्ता ऐकलेलं टिकत नाही, पण जन्मभर केलेलं काम हात बराच काळ धरून ठेवतात. चेहरा मला त्या घडीत सापडला: ओठ मिटलेले, भुवया किंचित वर, वह्या तपासणाऱ्या बाईंचा.

लेक आधी हिरमुसली. तिला म्हटलं, बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. त्यातलं खरं कुठलं? हसली. फोटो घरी राहील, चित्र इथे.

लंडनमध्ये विल्यम उटरमोलन नावाचे चित्रकार होते. १९९५ मध्ये त्यांना अल्झायमरचं निदान झालं, त्यानंतरही ते स्वतःचाच चेहरा काढत राहिले. त्या चित्रांत चेहरा हळूहळू विस्कटत जातो. बघताना पोटात कालवतं. पण ते आजार आतून बघत होते. मी बाहेरची, आठवड्यातून एखाद्या दिवशी येणारी. आजींचा सगळा दिवस बघणाऱ्या तुम्ही. तुमचं बघणं उसनं घेतल्याशिवाय माझ्या कागदावर नुसता आजार उतरला असता.

चित्र पुरं झाल्यावर आजींनी त्याकडे बघून विचारलं, "ह्या कोण?" मी गप्प. तुम्ही म्हणालात, "शाळेतल्या बाई आहेत." आजी लगेच खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या आणि मलाही उभं केलं! तुमचं हसू आवरत नव्हतं.

चित्राखालच्या पट्टीवर तुमचं नाव घालू का विचारलं, तर "माझं काय त्यात?" म्हणालात. ठीक आहे, इथेही नाव लिहीत नाही. पण आता खोकलेवाल्या आजोबांचं चित्र घ्यायचंय. ते सारखे सदऱ्याचा खिसा चाचपतात. काय शोधतात ते तुम्हाला नक्की ठाऊक असणार. सोमवारी नाश्ता झाला की येते, तेवढं सांगून ठेवा.

आपली,
चित्रवाल्या बाई