फुकट डेटाचा भुर्दंड नवख्यांनी का सोसायचा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला नेट न्यूट्रॅलिटीवरचा, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला समान वागणूक देण्याच्या तत्त्वावरचा, लेख दोनदा वाचला, तरी राग गेला नाही. मोठ्या संकेतस्थळांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा उचलावा, असे लेखक म्हणतात. ग्राहक डेटापॅकचे पैसे भरतो. संकेतस्थळवालाही सर्व्हर आणि बँडविड्थचे भरतो. मग तिसरी वसुली कशाची? दक्षिण कोरियात ट्विच या थेट व्हिडिओ प्रक्षेपणाच्या संकेतस्थळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. तिथला नेटवर्कचा खर्च बहुतेक देशांच्या १० पट पडतो, असे कारण त्यांनी दिले. ट्विचमागे तर अ‍ॅमेझॉन आहे! नवख्यांचा काय पाड?

पण 'मोफत डेटा योजनांनी कुणाचे नुकसान झाले?' हा लेखकाचा प्रश्न मला जास्त लागला. आमचे झाले.

२०१५ ची गोष्ट. मैत्रीण आणि मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करायचो आणि आमच्या छोट्याशा संकेतस्थळावर टाकायचो. ऐकणारी मुले वाढत होती. तेवढ्यात एका मोबाइल कंपनीने ठरावीक अ‍ॅप फुकट केली, त्यांना डेटा लागेना. एका मुलाचा फोन आला, "ताई, तुमचे धडे चांगले आहेत, पण दोन धड्यांत पॅक संपतो. त्या अ‍ॅपवर फुकट ऐकता येतं." त्या अ‍ॅपवर अभ्यासक्रमातले निम्मेही नव्हते. पण त्याला मी काय सांगणार होते?

मग आम्ही ध्वनिमुद्रणाच्या फाइल दाबून लहान केल्या. ६४ केबीपीएसचे (सेकंदाला ६४ किलोबिट) मुद्रण १६ वर आणले. तासाभराचा धडा २८ एमबीवरून ७ वर आला. आठवडाभरात गणिताच्या धड्यावर विचारणा सुरू झाली : "ताई, सात म्हणालात की साठ?" मी माझेच मुद्रण पुन्हा लावले, मलाही कळेना. ते सगळे प्रकरण पुन्हा वाचावे लागले. आम्हालाही त्या योजनेत घ्या, असे कंपनीला तीनदा लिहिले. उत्तर नाही. आमच्यापेक्षा चांगले कुणी केले म्हणून मागे पडलो असतो, तर तक्रार नव्हती. इथे मुले आमचे धडे ऐकण्याआधीच ठरवून मोकळे झाले होते.

ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. त्याआधी लाखो लोकांनी ईमेल पाठवले होते, त्यात आम्हा दोघींचेही होते. लेखात या आदेशाचा साधा उल्लेख नाही, याचे फार वाईट वाटले.

आणखी एक. हाच लेख तुमच्या संकेतस्थळावर उघडला, तर न विचारता व्हिडिओ सुरू होतो. दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचा आवाज त्यात बुडतो आणि वाचकाचा डेटाही जातो. तो आपोआप सुरू होणे कृपया बंद करावे.

आपली,
एक नियमित वाचक